कातळावरचे चार वाफे : देवगडजवळच्या एका परसबागेचं प्रकरण

देवगड तालुक्यातल्या एका वाडीत, सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, बांधलेल्या घराच्या परसात भाजीपाल्याचे उंच वाफे केले होते. पहिल्या पावसाळ्यात ते फसले. मग पाडून नव्याने बांधले आणि त्यानंतर वर्षभर त्यांतून घरची भाजी निघाली. या प्रकरणात मी सल्ला द्यायला होतो. कोकणात अशी घरं आता पुष्कळ आहेत. मुंबईची नोकरी संपवून जोडपी गावी येतात, जुनं घर गावठणात भावकीत असतं, म्हणून वर सड्यावर नवीन घर होतं आणि त्याभोवती मातीचा थर असतो जेमतेम वीतभर. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

जागा आणि माणसं

घराच्या मागे साधारण दोन गुंठ्यांचं परस. त्यातल्या अर्ध्या भागात कातळ उघडाच, उरलेल्यात चार-सहा इंच जांभी माती आणि तिच्याखाली पुन्हा कातळ. पूर्वेला गडग्यापलीकडे (दगड रचून केलेल्या कुंपणापलीकडे) हापूसची कलमं, पश्चिमेला मोकळा सडा, म्हणजे वारा आणि आडवा पाऊस थेट अंगावर. विहीर आहे, पण एप्रिलच्या मध्यापासून तिचं पाणी तळाशी जातं आणि ते आधी घराला लागतं.

घरमालक भाऊ साठीच्या पुढचे, वहिनी त्यांच्याहून थोड्या लहान. वहिनींचे गुडघे दुखतात, खाली बसून खुरपणी जमत नाही. उंच वाफ्यांची कल्पना निघाली ती यामुळेच. शिवाय मुंबईच्या मुलाने परदेशातले व्हिडिओ पाठवले होते. त्यांत लाकडी पेटीसारखे देखणे वाफे, तळाला खडी, वर काळीभोर माती. ते पाहून गावातल्या गवंड्याकडून विटा-सिमेंटचे तीन वाफे बांधून घेतले. प्रत्येक बारा फूट लांब, पाच फूट रुंद, दीड फूट उंच. आतून-बाहेरून प्लास्टर. खाली कातळच होता, त्यावर सपाटीसाठी कोबा केला. तळाला चार इंच खडी टाकली. वर दोन डंपर तांबडी माती मागवली आणि शेणखत मिसळलं.

शेजारचे आबा तेव्हाच म्हणाले होते, "पाणी खंय जातला ता आधी बघा, मगे चिरे लावा." तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. सारं प्रकरण त्या एका वाक्यात होतं.

पहिले वाफे का फसले

जूनमध्ये भेंडी, मिरची, वांगी आणि टोमॅटो लावले. जुलैच्या अखेरीस भेंडी पिवळी पडून वीतभरावर खुंटली. मिरची कुजली. वांगी कशीबशी तगली. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात पुन्हा टोमॅटो लावले. ते जोमाने वाढले, फुलावर आले आणि मग एकेक झाड उभ्या उभ्या मान टाकू लागलं. मला बोलावणं आलं ते या टप्प्यावर.

इथे दोन वेगवेगळी दुखणी होती आणि घरच्यांना ती एकच वाटत होती. "मातीच वाईट आली," असा भाऊंचा निष्कर्ष होता. तो अर्धा बरोबर निघाला, पण वेगळ्या कारणाने.

पहिलं दुखणं पाण्याचं. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. बारा बाय पाच फुटांचा वाफा साधारण साडेपाच चौरस मीटरचा होतो. जुलैत शंभर मिलिमीटरचा दिवस इथे नवलाचा नाही. अशा एका दिवशी त्या एका वाफ्यात साडेपाचशे लिटर पाणी पडतं. तेवढं पाणी बाहेर जायला वाट कुठे होती? चारी बाजूंना प्लास्टर, खाली कोबा. वाफा नव्हताच तो, हौद होता.

मी एका वाफ्याच्या कोपऱ्यात पहारीने तळापर्यंत खड्डा घेतला. वरची माती तांबडी होती. एक फुटाखाली तिच्यावर राखाडी-निळसर डाग आणि कुजका वास. जांभ्या मातीचा तांबडा रंग लोहाचा. माती आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहिली की हवा संपते, त्या लोहाचं रूप बदलतं आणि तांबडेपणा जातो. मुळं श्वासावाचून गेली होती. भेंडीचं एक जुनं खोड उपटलं तर मुळं वरच्या चार इंचांतच आडवी पसरलेली. खाली जायला तिने नकार दिला होता, आणि ते योग्यच होतं.

"पण खडी होती ना तळाला?" वहिनींनी विचारलं. हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक घरी ऐकू येतो, म्हणून इथे थोडा थांबतो. तळाला खडी घातली की निचरा सुधारतो, हा समज कुंडीपासून वाफ्यापर्यंत सगळीकडे पसरलेला आहे. तो खरा नाही. बारीक कणांची माती पाणी धरून ठेवते आणि ते सहजी मोठ्या पोकळ्यांच्या थरात सोडत नाही. वरची माती पूर्ण भिजून चिंब झाल्यावरच पाणी खडीत उतरतं. म्हणजे खडीच्या लगेच वर नेहमीच एक चिखलाचा पट्टा राहतो आणि खडीने जेवढी उंची खाल्ली तेवढा तो मुळांच्या जवळ येतो. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरला तर थोड्या वेळाने ठिबकायचा थांबतो. तोच उभा केला की पुन्हा पाणी गळतं, कारण पाण्याच्या थराची उंची वाढली. वाफ्यात उंची मातीची हवी, खडीची नको. आणि तळाशी आलेल्या पाण्याला बाहेर पडायला भोक हवं. ते नसेल तर खडी असो की नसो, फरक पडत नाही.

दुसरं दुखणं टोमॅटोचं. पानं हिरवीच, पण दुपारी मलूल. संध्याकाळी जरा सावरायची. तीन-चार दिवसांत झाड हिरवं असतानाच मेलेलं. पानं आधी पिवळी पडली असती तर मी बुरशीजन्य मर (झाड सुकून मरण्याचा रोग) धरली असती. इथे तसं नव्हतं. आम्ही मेलेल्या झाडाचं खोड जमिनीलगत कापलं, कापलेला भाग पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात अलगद टेकवून धरला आणि पेला हलू न देता वाट पाहिली. थोड्याच मिनिटांत खोडातून दुधी धाग्यासारखा स्राव खाली उतरू लागला. हा जिवाणूजन्य मर रोग. याला कारण असलेला राल्स्टोनिया नावाचा जिवाणू आम्लधर्मी, उष्ण, ओल्या जमिनीत सुखाने राहतो आणि कोकणात टोमॅटो, वांगी, मिरचीचं मोठं नुकसान यानेच होतं. ही पेल्याची चाचणी कोणालाही घरी करता येते. तिला ना प्रयोगशाळा लागते, ना पैसा. औषध फवारण्याआधी ती करावी, कारण या रोगावर फवारून काही उपयोग होत नाही.

हा रोग आला कुठून? डंपरची माती ज्या मळ्यातून उचलली होती तिथे भातानंतर वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामात, वर्षानुवर्षं वांगी-मिरची होत होती. रोग मातीबरोबर घरी आला. त्याआधी परसाच्या वीतभर जांभ्या मातीत कधी भाजी लावलीच नव्हती. ती माती गरीब होती, पण निरोगी होती.

पुन्हा बांधणी

भाऊंना विटांचे वाफे पाडायला जिवावर आलं होतं. तीनपैकी एक तसाच ठेवून त्याच्या तळाशी, प्लास्टर फोडून, दर दोन फुटांवर दोन इंची भोकं पाडली. उरलेले दोन पाडले. त्या जागी आणि शेजारी मिळून जांभ्या चिऱ्यांचे तीन नवे वाफे केले.

चिरे निवडले ते इथे मिळतात म्हणून, आणि कोरडे रचता येतात म्हणून. गडगा रचतात तसे, मध्ये सिमेंट न घालता. तळच्या ओळीत प्रत्येक दोन चिऱ्यांमध्ये बोटभर फट ठेवली. त्याआधी कातळावरच काम केलं. कातळ वरून सपाट दिसला तरी त्यात खोलगट जागा असतात आणि पाणी तिथे साचतं. बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं ते पाहिलं. साचणाऱ्या जागी छिन्नीने उथळ पन्हळ कोरून उताराला जोडली. नव्या वाफ्यांची जागा या उतारावर ठरली, मोजपट्टीने नाही. हे काम एका सकाळचं होतं आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणात सर्वांत मोलाचं तेच.

मापं अशी ठरली : लांबी दहा फूट, रुंदी साडेतीन फूट, उंची दीड फूट. पाच फूट रुंदीच्या जुन्या वाफ्यात मधल्या रोपापर्यंत हात पोचत नसे, म्हणून आत पाय ठेवला जाई आणि माती दाबली जाई. वाफ्यात पाय पडता कामा नये, हा नियम मोडला की उंच वाफ्याचा अर्धा फायदा गेला. दोन्ही बाजूंनी हात पोचायचा तर वहिनींच्या हाताला साडेतीन फूट पुरे. दीड फूट उंची कातळामुळे. खाली मुळं जायला जमीन असती तर नऊ इंचांत भागलं असतं. माठ-पालक कमी मातीत होतात, पण भेंडी, वांगी, टोमॅटोला फूट-दीड फूट खोली लागतेच. एका वाफ्याच्या वरच्या ओळीला रुंद चिरे आडवे बसवले, वहिनींना बसून काम करता यावं म्हणून. मधल्या वाटा दोन फुटांच्या. घमेलं घेऊन माणूस न वळता जायला हवा.

कोरड्या रचाईचा एक तोटा सांगायला हवा. चिऱ्यांच्या फटींत गोगलगायी आसरा धरतात. पावसाळ्यात रात्री विजेरी घेऊन त्या वेचाव्या लागल्या. वहिनींनी हे काम नित्याचं करून टाकलं. वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाकत, आणि ते पाणी वाफ्यांपासून दूर ओतत.

आता माती. दहा बाय साडेतीन बाय दीड म्हणजे साडेबावन्न घनफूट, अर्ध्या ब्रासहून (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) थोडं जास्त. नव्या तीन वाफ्यांना मिळून दीड ब्रासच्या वर. शिवाय शेणखत-पाल्याचं मिश्रण पहिल्याच पावसात चौथाईने बसतं, म्हणून ढिगारा करून भरायचं. बाहेरून माती आणायची नाही हे ठरलं होतं. परसातलीच जांभी माती आणि घराच्या पायासाठी खणताना निघालेला ढीग वापरला. निम्मी माती, पाव भागाहून थोडं अधिक चांगलं कुजलेलं शेणखत, आणि बाकी नारळाची सोडणं (वरची तंतुमय सालं) तुकडे करून, भाताचं तूस आणि कुजलेला पातेरा, म्हणजे गळलेला पाला.

सोडणांबद्दल थोडं. नारळाच्या बागेत आळ्यात सोडणं पुरायची पद्धत जुनी आहे, ती ओल धरतात म्हणून. इथे ती तळाला थर करून घातली नाहीत, मातीत मिसळली. थर केला असता तर खडीचीच गोष्ट झाली असती. आणि ताजी सोडणं घेतली नाहीत. एक पावसाळा उघड्यावर भिजलेली, काळी पडलेली घेतली, कारण ताज्यांतला तुरट अर्क कोवळ्या मुळांना सोसत नाही. मुलाने पाठवलेल्या व्हिडिओत तळाला लाकडाचे ओंडके पुरतात. ते मी करू दिलं नाही. थंड देशात ओंडका सावकाश कुजतो. इथे त्याला आधी वाळवी लागते आणि ती घरापासून दहा पावलांवर नको.

माती तपासून घेतली होती. सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) साडेपाचच्या आसपास. जांभ्या मातीत हे अपेक्षितच, पण त्याचा अर्थ समजून घ्यायला हवा. अशा मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) घट्ट धरून ठेवतं. खत घालून पीक उपाशी राहतं ते यामुळे. शिवाय कॅल्शियम कमी. प्रत्येक वाफ्यात पाऊण-एक किलो चुनखडीची भुकटी मिसळली, शेणखत घालण्याच्या तीन आठवडे आधी. भिंतीला लावायचा चुना वापरायचा नाही, तो फार तीव्र असतो. स्फुरदासाठी रॉक फॉस्फेट शेणखतात मुरवून घातलं, आम्ल जमिनीत ते हळूहळू मिळत राहतं. चुलीची राख होतीच. ती ताज्या शेणात मिसळली की नत्र वायू होऊन उडून जातं, म्हणून वेगळी, थोडी थोडी, वरून.

वेलांच्या मांडवाच्या दिशेवरून चर्चा झाली. पुस्तकी सल्ला असा की उंच पीक उत्तरेला लावावं, म्हणजे सावली इतरांवर पडत नाही. तो सल्ला आपल्याहून पुष्कळ उत्तरेकडच्या देशांचा. देवगडला मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे झुकलेला असतो. पावसाळी मांडवाला ते गणित लागूच नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला जातो, तेव्हा ते बरोबर ठरतं. आम्ही वाऱ्याकडे पाहून ठरवलं. पश्चिमेचा वारा मांडव सपाट करतो, म्हणून मांडव घराच्या आडोशाला, पूर्वेकडच्या वाफ्यावर. पण तिकडे हापूस. मोहोर फुटला की कलमांवर फवारण्या सुरू होतात आणि हिवाळ्यात सकाळी मतलई वारा (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) तिकडूनच येतो. म्हणून त्या वाफ्यात पावसाळ्यातच वेल घ्यायचे, मोहोराच्या दिवसांत तिथे पालेभाजी नाही, असं ठरलं. पालेभाजी सर्वांत पश्चिमेच्या वाफ्यात. गडग्यापलीकडच्या कलमवाल्यांशी भाऊ स्वतः बोलून आले, आणि फवारणीच्या आदल्या दिवशी ते हाक मारून सांगू लागले.

पावसाळा

वाफ्यांचा माथा सपाट न ठेवता कासवाच्या पाठीसारखा मधून उंच केला आणि जूनआधीच त्यावर सुक्या गवताचं आच्छादन दिलं. पहिल्या मोठ्या पावसात मी तिथे होतो. तळच्या फटींतून आधी गढूळ आणि मग जवळजवळ नितळ पाणी येत होतं. आबा गडग्यावरून बघत होते. "आता बरा," एवढंच म्हणाले.

पावसाळ्यात येणाऱ्या भाज्यांत निवड सोपी होती : भेंडी, काकडी, शिराळी, पडवळ, कारली, चवळी, लाल माठ. टोमॅटो पावसाळ्यात लावू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. कोकणातल्या जुलैत त्यांना जगवण्यात जेवढे श्रम जातात तेवढ्यात चार वेल होतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या जाती इथल्या पावसासाठीच काढलेल्या आहेत, त्यांतली कारल्याची कोकण तारा आणि काकडीची शीतल घेतली. भेंडीला केवड्याची (पानं पिवळी पडण्याच्या विषाणू रोगाची) भीती असते म्हणून अर्का अनामिका. वाफ्यांतून येणारं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर जात होतं तिच्या टोकाला अळू लावलं. सर्वांत बिनत्रासाचं पीक तेच ठरलं.

एवढ्या पावसात नत्र टिकत नाही. सगळं खत सुरुवातीला घालून मोकळं होता येत नाही. दर पंधरवड्याला उघडीप बघून पेंड भिजवलेलं पाणी पातळ करून दिलं. ज्या पंधरवड्यात ते चुकलं त्यानंतर भेंडीची खालची पानं फिकट झाली. इतक्या लवकर फरक दिसतो.

काकडी मात्र पहिल्या खेपेला बरीच वाया गेली. फळाला बारीक टोचा, मग तिथे वाकडं होऊन सडणं. फळमाशी. घरच्यांनी सापळा लावला होता, हापूसवाल्यांकडून आणलेला रक्षक सापळा. सापळा भरत होता आणि काकडी तरीही सडत होती. कारण साधं आहे. आंब्याच्या सापळ्यात मिथाईल युजेनॉल असतं, त्याकडे आंब्याच्या फळमाशीचे नर येतात. वेलभाज्यांची फळमाशी वेगळी, तिला क्यू ल्युर लागतं. देवगडात घरोघरी पहिला सापळा असतो, म्हणून ही गल्लत इथे फार होते. सापळ्यातली आमिषाची वडी बदलली, सडलेली फळं रोज वेचून, पाण्यात बुडवून आतल्या अळ्या मारल्या, आणि कोवळ्या फळांना कागदी पिशव्या बांधल्या. श्रावणाच्या अखेरीस काकडी धड मिळू लागली.

गणपतीत घरात पंधरा माणसं होती. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही हा इथला रिवाज, आणि त्या दिवशीच्या भाजीतलं अळू, माठ, भेंडी, शिराळी, पडवळ आणि काकडी परसातून आली. वहिनी भाजी निवडताना प्रत्येक जिन्नस कुठल्या वाफ्यातला ते सुनेला सांगत होत्या. माझ्या दृष्टीने या कामाचं फळ ते होतं.

मर लागलेला वाफा

ठेवलेला विटांचा वाफा हा सर्वांत अवघड प्रश्न. पाडलेल्या दोन वाफ्यांची मातीही टाकायची कुठे? परसात पसरली असती तर रोग सगळीकडे गेला असता. जेवढी मावली तेवढी त्याच एका वाफ्यात भरली, उरलेली कुंपणाबाहेर रस्त्याच्या भरावाला गेली, शेतीपासून दूर. त्या वाफ्याचं खुरपं वेगळं ठेवलं, दांड्याला तांबडी चिंधी बांधून. त्याचं पाणी इतर वाफ्यांकडे जाणार नाही अशी पन्हळ वेगळी काढली.

एप्रिल-मेमध्ये ती माती ओली करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून, कडा मातीने बंद करून सहा आठवडे ठेवलं. काळं प्लास्टिक यासाठी चालत नाही, ऊन आत गेलं पाहिजे. याने जिवाणू कमी होतो, संपत नाही. म्हणून टोमॅटो, वांगी, मिरची या कुळातलं काहीही तिथे तीन वर्षं लावायचं नाही असं ठरलं. तिथे मका, चवळी आणि माठ फिरवायचे.

भाऊंना वांगी हवीच होती. ती हिवाळ्यात नव्या वाफ्यात घेतली, पण जात निवडून. बेंगळुरूजवळच्या हेसरघट्टा इथल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का केशव, अर्का निधी, अर्का नीलकंठ या वांग्याच्या जाती या मर रोगाला प्रतिकारक आहेत. टोमॅटोत अर्का आभा. आम्ही अर्का केशव आणि अर्का आभा लावली. वांगी एकही मेली नाहीत. टोमॅटोचं एक झाड वाफ्याच्या कोपऱ्यात गेलं. पेल्यात स्राव दिसला, ते झाड मुळांभोवतीच्या मातीसकट उचलून जाळलं. बाकीची फेब्रुवारीपर्यंत चालली. एक झाड का गेलं? माझा संशय पाडताना उडालेल्या मातीवर आहे.

हिवाळा आणि पाण्याचा हिशेब

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा कोकणातल्या उंच वाफ्यांचा सुवर्णकाळ. मुळा, माठ, नवलकोल, कोथिंबीर, पावटा, वांगी. इथे फार काही सांगण्यासारखं घडलं नाही, सगळं आलं. त्रास झाला तो माकडांचा. टोमॅटो पिकू लागले आणि टोळी आली. तांबड्या तोंडाच्या माकडांना मासेमारीच्या जुन्या जाळ्याने दोनच दिवस थोपवलं. शेवटी टोमॅटोच्या वाफ्यावर चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठ्यांचा सांगाडा करून चारी बाजूंनी आणि वरून जाळं शिवावं लागलं. कारली आणि मिरचीला ती फारसं लागली नाहीत. ज्यांच्याकडे माकडांचा उपद्रव आहे त्यांनी हा खर्च पहिल्याच दिवशी धरावा.

उन्हाळ्यात मात्र उंच वाफ्याचा गुणच उलटतो. जो वाफा जुलैत पाणी सोडतो तो एप्रिलमध्येही सोडतो. खाली कातळ तापतो, चिरे बाजूंनी तापतात. एप्रिलमध्ये दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी बाष्प होऊन जातं असं धरलं तर सव्वातीन चौरस मीटरच्या एका वाफ्याला रोज सोळा-सतरा लिटर लागतं. चार वाफ्यांना सत्तरच्या घरात, आणि विहीर तेव्हा तळाशी. भाऊंचा आग्रह होता सगळे चालू ठेवायचा. मी फक्त एक चालू ठेवायला सांगितलं. मर लागलेला वाफा प्लास्टिकखाली असणारच होता. दोन वाफ्यांना पातेरा आणि झावळ्यांचं जाड आच्छादन देऊन विश्रांती. पश्चिमेचा पालेभाजीचा वाफा चालू, त्यात दोन भाजलेली, पण वरून लेप न दिलेली, पाझरणारी मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरली आणि तोंडावर झाकण ठेवलं. मडकी सकाळी भरायची, पाणी आतून मुळांना मिळतं, वर उडत नाही. वर झापांची सावली. कोथिंबीर उन्हाने गेली, माठ आणि मिरचीची चार झाडं टिकली.

मेच्या शेवटी आच्छादन काढून पाहिलं तेव्हा माती पाच-सहा इंच बसली होती. प्रत्येक वाफ्यावर पुन्हा शेणखत आणि पातेऱ्याचं कंपोस्ट घालून माथा उचलला. सामू पुन्हा तपासायला दिला आहे, त्यावरून यंदा चुनखडी घालायची की नाही ते ठरेल. वेलांचा मांडव यंदा दोन फूट उत्तरेला सरकवला आहे, पश्चिमेच्या कोपऱ्यात वाऱ्याने खांब हलला होता म्हणून. विटांच्या वाफ्यात मक्याचं बी टोकायचं बाकी आहे, आणि तांबड्या चिंधीचं खुरपं त्याच्याच कडेला अडकवलेलं आहे.